ओटीची सफाई: आधी साबण, मग हायपो

सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत पुण्यात एक किंवा दोन ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, असलेली छोटी हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. तिथे इन्फेक्शन कंट्रोलचा वेगळा विभाग नसतो. एक इनचार्ज सिस्टर, एखादी ज्युनियर, सफाई करणारी एक मावशी आणि एक मामा, एवढ्या माणसांनी सकाळी हर्निया, दुपारी सिझेरियन आणि संध्याकाळी मांडीच्या हाडाची प्लेट अशी लिस्ट सांभाळायची असते. मी अशाच ओट्यांमध्ये इनचार्ज म्हणून काम करत आले. ज्यांच्या हातात नव्याने ओटी आली आहे त्या सिस्टरसाठी आणि तिच्या मावशी-मामांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. जंतुनाशक घाणीवर चालत नाही. रक्त, चरबी, सांडलेलं सलाइन, बेटाडिनचे ओघळ तसेच ठेवून वरून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक, ओतलं, तर त्यातला क्लोरीन त्या रक्तातल्या प्रथिनांशीच झुंजत संपतो आणि खालचे जंतू शाबूत राहतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी साबणाच्या पाण्याने घासून पुसायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, आणि त्यानंतर जंतुनाशक. घाईच्या दिवशी पहिल्या दोन पायऱ्या गळतात आणि तिसरी तेवढी उरते, कारण वास तिचाच येतो. हायपोचा वास आला म्हणजे ओटी स्वच्छ झाली, हा समज मावशींच्या डोक्यातून आणि डॉक्टरांच्याही डोक्यातून काढणं हे तुमचं पहिलं काम आहे.

आपल्या शहरातलंच उदाहरण देते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक यांनी तुरुंगात असलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं करावं लागलं, हा भाग बहुतेकांना माहीत असतो. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो: जखमेत पू झाला आणि बरं व्हायला वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुदतीआधी सुटका केली. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज आहेत, पण ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला या जंतूंच्या काही जाती अशा निघतात की कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवर एकामागून एक औषधापुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे हे औषध चालत नाही, असं लिहून येतं. त्या पेशंटच्या बाबतीत आपण पुन्हा १९२४ च्या जवळ जाऊन उभे राहतो. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस जिवंत राहतो. टेबलाच्या कडेखाली राहून गेलेला थेंब आठवडाभर तिथेच असतो.

हायपो बनवताना

बाजारात सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं मिळतं, १० टक्क्यांचंही मिळतं. कॅनवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका, कारण दोन्ही कॅन दिसायला सारखेच असतात. रक्त सांडलेल्या जागेसाठी १ टक्का लागतं. ५ टक्क्यांच्या कॅनमधलं २०० मिली घेऊन त्यात ८०० मिली पाणी घातलं की १ लिटर १ टक्का तयार. १० टक्क्यांचं असेल तर १०० मिलीला ९०० मिली पाणी. फरशीसाठी मी ०.५ टक्के वापरते, म्हणजे ५ टक्क्यांचं १ लिटर आणि ९ लिटर पाणी, एक मोठी बादली. मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा मग ठेवा. ‘एक झाकण’, ‘थोडंसं’, ‘वास येईपर्यंत’ ही मापं ओटीत चालणार नाहीत. वर दिलेली हायपो-पाण्याची तिन्ही प्रमाणं मोठ्या मराठी अक्षरांत लिहून स्लूस रूमच्या, म्हणजे घाण धुवायच्या खोलीच्या, भिंतीवर लावा. मावशींना वाचता येत नसेल तर मगावर रंगीत टेप लावून खूण करा: लाल टेपपर्यंत हायपो, निळ्या टेपपर्यंत पाणी.

द्रावण रोज सकाळी ताजं करायचं. उजेडात आणि उष्णतेत क्लोरीन उडून जातो. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या स्टोअरमध्ये ठेवलेला कॅन लेबलवर लिहिलेल्या ताकदीचा राहत नाही. म्हणून कॅन खालच्या मजल्यावर, अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवा. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर हायपो कधीही एकत्र करू नका; अमोनिया असलेल्या कुठल्याही क्लीनरबरोबरही नाही. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू निघतो. बंद स्लूस रूममध्ये त्याने माणसाचा श्वास कोंडतो. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात ठेवूच नका.

धातूला हायपो खातं. ओटी टेबल, ट्रॉली, स्टँड यांना ते वारंवार लावलं तर गंज धरतो आणि गंजलेला खरखरीत पत्रा कितीही पुसला तरी स्वच्छ होत नाही. धातूसाठी आणि मशीनसाठी क्वाटर्नरी अमोनियमवर आधारलेलं किंवा कंपनीने सुचवलेलं दुसरं जंतुनाशक वापरा. तेच नसेल तर हायपो लावून वेळ झाल्यावर साध्या पाण्याने नीट पुसून घ्या. २ टक्के ग्लुटराल्डिहाइड, म्हणजे आपलं सायडेक्स, हे हत्यारं बुडवायला आहे. त्याने टेबल किंवा फरशी पुसायची नाही; त्याची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देते.

सकाळी, पहिल्या केसच्या आधी

ओटीत झाडू आणायचा नाही. कोरडा झाडू मारला की खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते आणि दुसऱ्या केसच्या उघड्या पोटावर उतरते. सकाळी फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. आधी वरचा दिवा, मग मॉनिटर, ॲनेस्थेशिया मशीन, ट्रॉल्या, टेबल, शेवटी स्टूल आणि स्टँड. वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे आणि आतून दाराकडे, हा नियम दिवसभर सगळीकडे लागू.

फडक्याची घडी दोनदा घातली की आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक वस्तू पुसली की बाजू बदलायची, आठ संपल्या की फडकं धुवायच्या पिशवीत. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही, कारण त्याने अख्खी बादली खराब होते. म्हणून सकाळीच भरपूर फडकी ओली करून ठेवा. मायक्रोफायबरची असतील तर उत्तम. जुन्या चादरींची शिवलेली असली तरी हरकत नाही, फक्त ती रोज गरम पाण्यात धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हवीत.

हवेकडेही बघा. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांनुसार साध्या ओटीत तासाला किमान २० वेळा हवा बदलायला हवी, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी. तापमान २१ अंश, ३ अंश इकडे-तिकडे. आर्द्रता २० ते ६० टक्के. आतला दाब बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा किमान २.५ पास्कल जास्त. दाब जास्त असला तरच दार उघडल्यावर हवा बाहेर जाते. नाहीतर कॉरिडॉरची हवा आत शिरते. रात्री केस नसली तरी एएचयूचा, म्हणजे ओटीला गाळलेली हवा पुरवणाऱ्या यंत्राचा, ब्लोअर चालू ठेवायचा असतो. वीजबिलासाठी तो बंद करायचा हट्ट मालक डॉक्टरांनी धरला, तर कूलिंग बंद करून ब्लोअर मंद वेगावर ठेवा, पण पूर्ण बंद नको. ज्या ओटीत फक्त स्प्लिट एसी आहे तिथे हवा बदलतच नाही, तीच थंड होऊन फिरत राहते. तिथे एसीच्या जाळीवरची काळी बुरशी कोण, कधी काढतं हे आजच विचारा.

दोन केसच्या मध्ये

इथे सर्जन दाराशी उभे असतात आणि पुढचा पेशंट ट्रॉलीवर असतो. इथेच सगळं बिघडतं.

धारदार वस्तू स्क्रब सिस्टरनेच, म्हणजे ऑपरेशनमध्ये हत्यारं देणाऱ्या सिस्टरनेच, उचलायच्या. सुया आणि ब्लेड पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, तिच्याच हाताने. मावशींच्या हाती ड्रेपमध्ये गुंडाळलेली सुई जाणं यापेक्षा मोठा गुन्हा ओटीत नाही. मग हत्यारं, मग लिनन. लिनन झटकायचं नाही, आत दुमडत गुंडाळून पिशवीत भरायचं. रक्ताळलेले गॉज आणि कापूस पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या, कॅथेटर आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत. फुटलेल्या काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले हे रंग सगळ्यांना तोंडपाठ हवेत.

फरशीवर रक्ताचं थारोळं असेल तर त्यावर मॉप फिरवू नका, ते सगळीकडे पसरतं. जाड ग्लोव्ह्ज, गॉगल आणि गमबूट घाला. काच असेल तर चिमट्याने उचला. रक्तावर कापूस, गॉज किंवा जुना वर्तमानपत्राचा कागद टाकून ते शोषून घ्या. त्यावर बाहेरच्या कडेपासून मध्याकडे १ टक्का हायपो ओता. किमान १० मिनिटं थांबा. आमच्या ओटीत आम्ही २० धरतो. मग सगळं उचलून पिवळ्या पिशवीत, त्या जागेला साबणाचं पाणी, आणि पुन्हा एकदा हायपोचं फडकं.

आता जिथे हात लागले त्या सगळ्या जागा. टेबल आणि त्याची गादी दोन्ही बाजूंनी, गादीच्या खालचा पत्रा, हात ठेवायच्या पट्ट्या, दिव्याचा दांडा, ॲनेस्थेशिया मशीनची बटणं, बीपीचा कफ, पल्स ऑक्सिमीटरची क्लिप, सलाइनचा स्टँड, सक्शनची बाटली, किक बकेट, दाराचं हँडल. आणि कॉटरीचं, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राचं, पेडल. मी नव्या ओटीत गेले की आधी ते पेडल उलटं करून बघते. त्याच्या खाचांमध्ये वाळलेलं रक्त सापडलं की बाकी सफाईचा अंदाज येतो. टेबलाभोवती तीन-चार फूट फरशी पुसायची आणि मॉपचं डोकं प्रत्येक केसला नवं.

यानंतर वेळ द्यायचा. जंतुनाशकाच्या लेबलवर लिहिलेला असतो, कुठे ५ मिनिटं, कुठे १०. तेवढा वेळ तो पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. लगेच कोरड्या फडक्याने पुसला तर केलेलं सगळं वाया. उन्हाळ्यात पुण्याची हवा कोरडी असते, त्यात एसी. ७० टक्के अल्कोहोल मिनिटभरात उडून जातं, म्हणून मोठ्या पृष्ठभागाला ते वापरू नका. ते लहान वस्तूंसाठी आहे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी सुरू करायची नाही, आग लागते. सर्जन घाई करू लागले तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून ‘सर, अजून सहा मिनिटं’ एवढंच शांतपणे सांगा. हे सांगण्याचा अधिकार इनचार्जचा आहे आणि चांगले सर्जन तो मानतात.

एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसच्या पेशंटनंतर ‘खास’ सफाई करायची आणि बाकीच्यांनंतर साधी, ही पद्धत मला मान्य नाही. कितीतरी पेशंटना स्वतःलाच आपला आजार माहीत नसतो. प्रत्येक केसनंतर तीच पूर्ण सफाई करा आणि कोणाच्या फाइलवर लाल अक्षरं लिहून त्याचा अपमान करू नका. फुप्फुसाच्या टीबीची केस मात्र हवेमुळे वेगळी. तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला १४ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला २१. तेवढा वेळ ओटी रिकामी ठेवा, आत जाणाऱ्या मावशींना एन-९५ मास्क द्या. गॅस गँग्रीनचे जंतू बीजाणू करतात. त्यांच्यावर अल्कोहोलचा किंवा क्वाटर्नरी अमोनियमचा परिणाम होत नाही, तिथे हायपोच हवं.

दिवसअखेर आणि आठवड्याची धुलाई

शेवटची केस झाली की टर्मिनल क्लिनिंग, म्हणजे दिवसअखेरची पूर्ण सफाई. हलवता येईल ते सगळं भिंतीपासून दूर ओढायचं. ट्रॉलीची चाकं उलटी करून बघा. त्यात केस आणि टाक्यांचे धागे गुंतलेले असतात, ते चिमट्याने काढा. भिंती हात पोचेल तिथपर्यंत, स्क्रबचं सिंक आणि नळाची तोटी, स्विचबोर्ड बंद करून ओलसर फडक्याने. शेवटी पूर्ण फरशी, तीन बादल्या घेऊन: साबण, साधं पाणी, हायपो. मॉप इंग्रजी आठ काढत मागे मागे दाराकडे यायचं. मॉपची डोकी धुऊन उन्हात वाळत घाला. ओला मॉप रात्रभर बादलीत उभा ठेवला तर त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो आणि सकाळी आपण तोच फरशीभर पसरवतो.

आठवड्याची मोठी धुलाई गुरुवारी ठेवू नका. दुरुस्तीसाठी पालिकेचं पाणी बहुधा गुरुवारीच बंद असतं, महावितरणची कामंही त्याच दिवशी निघतात. रविवार बरा. त्या दिवशी सगळं सामान बाहेर, छत, दिव्याचा वरचा भाग, एसीच्या जाळ्या, कपाटांचे माथे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं; त्याने साबणाला फेस येत नाही आणि स्टीलवर पांढरा थर बसतो. त्या थरात घाण अडकते. शेवटचं पुसणं आरओच्या पाण्याने करा. पावसाळ्यात आर्द्रता ६० च्या वर गेली, भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, तर तिथे रंग मारून झाकू नका. गळती बंद होईपर्यंत ती ओटी बंद ठेवायची, असं लेखी कळवा.

फ्युमिगेशनबद्दल, म्हणजे बंद ओटीत जंतुनाशक वायू सोडण्याबद्दल, स्पष्ट लिहिते. फॉर्मलिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायचं, दारं टेपने बंद करायची, दुसऱ्या दिवशी अमोनिया ठेवून वास घालवायचा, ही पद्धत अजून काही ठिकाणी चालते. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. ही पद्धत बंद करा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फॉगर त्यापेक्षा बरा, पण तोही पुसलेल्या ओटीतच उपयोगी. टेबलाखालच्या रक्तावर धुकं सोडून काही होत नाही. यूव्ही दिव्याचंही तसंच, जिथे सावली पडते तिथे तो पोचत नाही. फॉगर घ्यायला पैसे असतील आणि दुसरी मावशी नेमायला नसतील, तर आधी मावशी नेमा.

दर आठवड्याला भिंतीचे स्वॅब कल्चरला पाठवायची गरज नाही. बांधकाम झालं, गळती झाली किंवा लागोपाठ जखमा चिघळू लागल्या, तर पाठवा. रोजची तपासणी स्वस्तात होते: नोटा तपासायची यूव्ही टॉर्च आणि फिकट हायलायटर. सफाईआधी पेडल, दिव्याचा दांडा, गादीची कड अशा जागी लहान ठिपके द्या, नंतर दिवे मालवून टॉर्च मारा. ठिपका चमकला तर तिथे फडकं पोचलं नाही. हे मावशींना पकडण्यासाठी करू नका. टॉर्च त्यांच्याच हातात द्या. आपल्या हाताने ठिपका गेलेला दिसला की त्या काम वेगळं करू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

खंडेनवमी-दसऱ्याला ओटीत शस्त्रपूजा होते, आणि ती व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण झेंडूची फुलं, आंब्याच्या डहाळ्या आणि ओला नारळ यांच्यावर बुरशीचे बीजाणू असतात. पूजा ओटीच्या बाहेरच्या खोलीत मांडा, वापरातून काढलेली दोन-चार हत्यारं ताटात ठेवा आणि टेबलाला हळदकुंकू लावू नका. ज्या ओटीत आत पूजा झालीच असेल, तिथे पूर्ण टर्मिनल क्लिनिंग झाल्याशिवाय केस घेऊ नका.

मावशी आणि मामा बहुतेकदा कंत्राटी असतात, म्हणून त्यांच्या लसीकरणाकडे कोणी बघत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस लागतात: आज, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. कंत्राटदार बदलला की नवी माणसं येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ओटीच्या रजिस्टरमध्ये सफाईच्या सह्यांच्या पानाशेजारीच त्यांच्या डोसच्या तारखांचं पान ठेवा. सुई टोचली तर लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि त्याच तासात डॉक्टरांना दाखवायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. त्या रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याच पानाच्या वर लिहून ठेवा.